मरळ कोणती, रोहू कोणता? गोदाकाठच्या माशांच्या ओळखीचा प्रश्न

घनसावंगी तालुक्याची दक्षिणेकडची सीमा गोदावरीनं आखली आहे. पैलतीर बीड जिल्ह्याचा. पैठणला जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. पुढच्या काळात धरणाखालच्या पात्रात आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्चपातळी बंधारे एकामागोमाग एक उभे राहिले. त्यातले जोगलादेवी, मंगरूळ आणि राजाटाकळी हे घनसावंगीच्या वाट्याचे. उसाला, मोसंबीला, पिण्याला या पाण्याचा आधार झाला, यात वाद नाही. पण पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी नदी इथं आता बराच काळ साठलेल्या, संथ पाण्याची झाली आहे. पाण्याची चाल बदलली की पाण्यातली वस्तीही बदलते. मग कोणता मासा टिकला, कोणता मागे हटला, कोणता बाहेरून येऊन स्थिरावला? ‘यंदा मासा कमी आहे’ किंवा ‘यंदा बरा लागला’ एवढ्या बोलण्यातून याचं उत्तर मिळत नाही. ते मिळवायचं तर आधी एक साधं कसब अंगी हवं: सारख्या दिसणाऱ्या दोन माशांतला फरक खात्रीनं सांगता येणं. हे कसब हौशी गळवाल्यांच्या किंवा प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या करमणुकीचं आहे असं समजलं जातं. माझ्या मते नदीचा खरा हिशेब त्याच्यावरच उभा राहतो, आणि ते रंगावर व आकारमानावर न ठेवता मोजता येणाऱ्या खुणांवर ठेवलं पाहिजे.

मरळीपासून सुरुवात करू, कारण गोदाकाठी गळाला लागणाऱ्या माशांत तिचा मान मोठा आहे. काटे कमी, मांस घट्ट, आणि पाण्याबाहेर तासन्‌तास जिवंत राहण्याची ताकद, त्यामुळे बाजारात तिला भाव मिळतो. पण ‘मरळ’ म्हणून टोपलीत पडणारे सगळे मासे एका जातीचे नसतात. एक आहे चन्ना स्ट्रायटा, म्हणजे अंगावर तिरकस काळपट पट्टे असलेली, चिखलाच्या उथळ पाण्यातही तगणारी नेहमीची मरळ. दुसरी चन्ना मारुलियस, म्हणजे खोल डोहांत राहणारी, मीटरभराहूनही लांब होऊ शकणारी मोठी मरळ. तिसरी चन्ना पंक्टाटा, अंगावर ठिपके असलेली, साधारण वीतभर लांबीची. चौथी चन्ना गाचुआ, आणखी लहान, ओढ्यानाल्यांतली. पूर्ण वाढलेली मोठी मरळ आणि ठिपक्यांची मरळ शेजारी ठेवली तर शाळकरी पोरही फरक सांगेल. अडचण येते ती फूटभर लांबीच्या माशाशी. त्या लांबीला एक जात वयात आलेली असते, दुसरी अजून पोरवयात असते, आणि गढूळ पाण्यातून वर आल्यावर दोघींचाही रंग चिखलासारखाच दिसतो.

रंगावर भरवसा ठेवू नये तो याचसाठी. मरळीचा रंग पाण्याच्या गढूळपणानुसार, वयानुसार, विणीच्या काळानुसार आणि मेल्यावर तासाभरातही बदलतो. मोठ्या मरळीच्या पिल्लाला शेपटीच्या बुडाशी नारिंगी कड असलेला काळा डोळ्यासारखा ठिपका असतो, ही खूण चांगली आहे. पण मासा मोठा झाला की ती पुसट होते आणि नेमकी गरज असते तेव्हा सापडत नाही. म्हणून मासा आडवा ठेवावा, पोटाखालचा लांब पर बोटांनी ताणून उघडावा आणि त्यातल्या काड्या डोक्याकडून शेपटीकडे एकेक मोजाव्यात. नेहमीच्या मरळीत त्या २३ ते २९ भरतात, मोठ्या मरळीत २८ ते ३६. पाठीचा पर मोजला तर नेहमीच्या मरळीत ३७ ते ४६ काड्या, मोठीत ४५ ते ५५. यातली गोम लक्षात घेण्यासारखी आहे: दोन्ही परांत दोन्ही जातींचे आकडे टोकाला एकमेकांना भिडतात. पोटाच्या परात २८ काड्या निघाल्या तर मासा दोन्हीपैकी कोणताही असू शकतो. तेव्हा कल्ल्यामागून शेपटीपर्यंत जाणाऱ्या पार्श्वरेषेवरचे खवले मोजावेत. नेहमीच्या मरळीत ते पन्नाशीच्या घरात असतात, मोठ्या मरळीत साठ ते सत्तर. ठिपक्यांच्या मरळीत हाच आकडा चाळिशीच्या आसपास थांबतो. एका खुणेवर नाव ठेवू नये, दोन स्वतंत्र खुणा जुळल्या तरच ठेवावं, हा ओळखीचा पहिला नियम या आकड्यांतून आपोआप सिद्ध होतो.

एवढी उठाठेव कशासाठी, असं कोणी विचारील. मरळ ती मरळ. किलोवर विकली जाते, काड्यांवर नाही. पण फूटभर लांबीची नेहमीची मरळ बहुधा वयात आलेली असते, तिनं एखादी वीण काढलेली असू शकते. तेवढ्याच लांबीची मोठी मरळ अजून पिल्लू असते. तिची वाढ अर्ध्यावरही आलेली नसते. दोन्हींना एकच नाव दिलं की टोपलीत ‘मध्यम मरळ’ दिसते आणि मोठ्या जातीची पोरं वीण काढण्याआधीच संपत चालल्याचं कोणाच्याही लक्षात येत नाही. मरळीच्या बहुतेक जातींत नर-मादी पिल्लांच्या थव्याला राखत फिरतात, म्हणून पावसाळ्यात असा थवा दिसला की त्याभोवती गळ टाकणं सोपं असतं. राखणारे आईबाप काढले की थवाही इतर माशांच्या तोंडी जातो. हे नुकसान कोणत्या जातीचं झालं हे कळलं तरच ते किती मोठं आहे याचा अंदाज येतो. चिखलाच्या डबक्यात तगणारी जात ते लवकर भरून काढील. खोल डोहाची, उशिरा वयात येणारी जात तेवढ्या लवकर काढणार नाही.

रोहूच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे आणि जास्त गंभीर आहे. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले म्हणून ओळखले जाणारे मासे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या इंजेक्शनानं माशांची वीण घडवून दाखवली. तेव्हापासून या जातींचं बीज हवं तेवढं तयार करता येऊ लागलं आणि मत्स्यजिरे, मत्स्यबोटुकली या रूपात ते देशभरच्या तलावांत पडू लागलं. महाराष्ट्रातल्या जलाशयांतही सहकारी संस्था हेच बीज सोडत आल्या आहेत. पण दख्खनच्या नद्यांचे स्वतःचे लेबिओ वंशातले मासे आहेत, आणि त्यातला लेबिओ फिम्ब्रिएटस हा कृष्णा-गोदावरीचा जुना रहिवासी. रोहूसारखेच झालरदार ओठ, तसंच लांबट अंग, खवल्यांवर तशीच तांबूस झाक. घाईत पाहिलं तर तो रोहूच वाटतो. पण पाठीचा पर उघडून फांद्या फुटलेल्या काड्या मोजल्या तर रोहूत त्या बारा-तेराच्या आसपास निघतात, फिम्ब्रिएटसमध्ये पंधरा ते अठरा. पार्श्वरेषेवरचे खवले रोहूत चाळीस-बेचाळीस, फिम्ब्रिएटसमध्ये चव्वेचाळीस ते सत्तेचाळीस. तिसरा भाऊ लेबिओ कालबासू. तो काळपट असतो आणि त्याच्या मिशांच्या दोन जोड्या स्पष्ट दिसतात. आता समजा बंधाऱ्यावरच्या नोंदवहीत या तिघांनाही ‘रोहू’ लिहिलं गेलं. दरवर्षी बीज सोडलं जातं म्हणून ‘रोहू’चा आकडा टिकून राहील, कदाचित वाढेलही. वहीवरून नदी सुखरूप वाटेल, आणि त्याच वेळी नदीचा मूळ मासा शून्यावर आलेला असेल. बाहेरचा मासा मूळ माशाच्या नावानं मोजला जाऊ लागला की ऱ्हासाचा पुरावाच तयार होत नाही. म्हणून ओळख चुकणं ही किरकोळ चूक मानता येत नाही.

मांगूरच्या बाबतीत हाच फरक कायद्याचा झाला आहे. आफ्रिकेतून आलेला क्लॅरियस गॅरिपिनस हा मांगूर वाटेल ते खातो, इतर माशांची पिल्लं फस्त करतो आणि पाण्याबाहेर हवा घेत ओलसर जमिनीवरून सरकतही जातो. केंद्र सरकारनं २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये त्याविरुद्ध कारवाईचे आदेश दिले आणि त्यानंतर महाराष्ट्रातही मत्स्यव्यवसाय विभागानं साठे नष्ट करण्याची मोहीम घेतली. देशी मांगूरवर मात्र बंदी नाही. उलट तो जपायला हवा असा मासा आहे. दोघांनाही मिशांच्या चार जोड्या, दोघांचाही पाठीचा पर लांबलचक, दोघांचंही अंग खवल्यांविना गुळगुळीत. देशी मांगूर क्वचितच दीड फुटाच्या पुढे जातो, आफ्रिकी मीटरभराहूनही मोठा होतो, आणि मोठ्या आफ्रिकी माशाच्या अंगावर संगमरवरासारखी नक्षी दिसते. परंतु लहान माशात लांबी कामाची नाही आणि नक्षीही नसते. तिथं डोक्याच्या मागच्या हाडाची ठेवण आणि त्या हाडाच्या टोकापासून पाठीच्या परापर्यंतचं अंतर पाहावं लागतं. जो अधिकारी किंवा जो मत्स्यपालक हे पाहू शकत नाही, त्याच्या हातून एकतर बंदी असलेला मासा सुटतो नाहीतर वाचवायचा मासा मारला जातो. कायदा जातीच्या नावावर चालतो. त्यामुळे नाव ठरवण्याचं कसब नसेल तर कायद्याला धार राहत नाही.

सारख्या दिसणाऱ्या माशांची नोंद वेगवेगळी ठेवल्यानं काय साधतं याचा सर्वांत ठळक पुरावा कावेरीनं दिला आहे, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रात होते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांचं वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरला खुद्री हे नाव दिलं. विसाव्या शतकात लोणावळ्याजवळ वळवण इथं टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात या खुद्रीची पैदास होऊ लागली. हेतू चांगला होता: महसीर घटतो आहे, म्हणून बीज तयार करून नद्यांत सोडायचं. ते बीज कावेरीतही गेलं. तिथं आधीपासून पाठीला कुबड असलेला, आकारानं प्रचंड होणारा महसीर होता. गळानं मासेमारी करणाऱ्यांच्या शिबिरांत १९९८ ते २०१२ या काळात मासा पकडून, नोंदवून परत सोडला जाई आणि नोंदीत निळसर परांचा व कुबडाचा असे दोन प्रकार वेगळे लिहिले जात. या वह्या २०१५ मध्ये अभ्यासल्या गेल्या तेव्हा दिसलं की एकूण महसीर मुबलक मिळत होता, पण ती मुबलकता निळ्या परांच्या, बाहेरून आलेल्या माशाची होती; कुबडवाला झपाट्यानं नाहीसा होत होता. २०१८ मध्ये त्याची ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली आणि तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आला. त्या गळवाल्यांनी दोघांनाही नुसतं ‘महसीर’ लिहिलं असतं तर नदीत महसीर वाढला म्हणून समाधान मानलं गेलं असतं. नोंद ठेवणाऱ्यांना शास्त्रीय नाव ठाऊक नव्हतं. फरक दिसत होता आणि त्यांनी तो लिहिला, एवढंच. तेवढ्यानं एका जातीचा ऱ्हास पुराव्यानिशी सिद्ध झाला.

यावर पहिला आक्षेप असा की गोदाकाठच्या भोई समाजाला हे सारं पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यांना काड्या मोजायला शिकवणं म्हणजे आगाऊपणा. आक्षेपातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. साइक्स यांनी दिलेल्या कित्येक शास्त्रीय नावांत स्थानिक नावंच लॅटिन वेषात बसली आहेत, म्हणजे दख्खनच्या मत्स्यशास्त्राचा पाया इथल्या मासेमारांच्या ओळखीवर घातला गेला आहे. पण ही ओळख जाळ्यात येणाऱ्या माशावर वाढते. जो मासा वीस वर्षांत क्वचितच दिसला, त्याची ओळख नव्या पिढीच्या हाती जातच नाही. आणि ज्याचं बीज दरवर्षी पडतं त्याचीच ओळख पक्की होते. शिवाय बाजार प्रतवारी वजनानं करतो, त्यामुळे बोलण्यातली बारीक नावंही काट्यावर गळून पडतात. काड्यांचा आकडा या जुन्या ओळखीला बाजूला सारत नाही. जाणत्या माणसाच्या नजरेला जे दिसतं ते तो माणूस नसतानाही तपासता यावं, एवढी सोय तो करतो.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांकडे बोट दाखवतो: त्यांचीच नावं दर दहा वर्षांनी बदलतात, मग सामान्य माणसानं कशावर विश्वास ठेवावा? उदाहरणं खरी आहेत. देशी मांगूरला दीर्घकाळ क्लॅरियस बॅट्रॅकस म्हटलं गेलं; ते नाव जावाच्या माशाचं ठरलं आणि आपला मांगूर क्लॅरियस मागूर झाला. साइक्स यांनीच वर्णन केलेल्या मुसुल्लाह या माशाचं नाव पुढे कुबडवाल्या महसीरला लावलं गेलं; २०१३ मध्ये मूळ वर्णन पुन्हा वाचून तपासल्यावर तो मासा महसीर नसून हिप्सेलोबार्बस या वेगळ्याच वंशातला असल्याचं दाखवलं गेलं. पण हे बदल कशाच्या आधारावर झाले ते पाहा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं वर्णन आणि काढलेलं चित्र हाताशी होतं म्हणून चूक सापडली. ज्या नोंदीत नुसतं नाव असतं, ती नाव बदललं की निकामी होते. ज्या नोंदीत नावासोबत काड्या, खवले, मिशा आणि एक स्वच्छ फोटो असतो, ती नाव बदललं तरी कामाची राहते, कारण नवं नाव तिला नंतरही लावता येतं. नावं बदलतात म्हणून खुणा लिहू नयेत, असा निष्कर्ष यातून निघत नाही. खुणा लिहिणं किती गरजेचं आहे हेच त्यातून दिसतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. संकर झाला तर खुणा कामाला येतात का? बीज केंद्रांत एकाच हौदात वेगवेगळ्या जातींची वीण घेतली की रोहू आणि कटल्याचे संकर निपजतात. अशा माशाच्या खुणा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतात. अमेरिकेत टेक्ससच्या नद्यांत हेच घडलं. तिथला ग्वाडालूप बास हा १९८९ पासून त्या राज्याचा मानाचा मासा. पण गळाच्या हौसेखातर त्याच्या नद्यांत स्मॉलमाउथ बास सोडला गेला, दोघांचा संकर झाला आणि कित्येक ठिकाणी शुद्ध ग्वाडालूप बास मिळेनासा झाला. तिथंही बासच्या जाती जबड्याचं टोक डोळ्याच्या कुठवर जातं, पाठीच्या परात खाच किती खोल आहे अशा खुणांवर ओळखल्या जातात, आणि संकरात त्या खुणा पुरत नाहीत. जनुकीय तपासणी करावी लागते. हे मान्य करूनही आक्षेप टिकत नाही. तपासणीसाठी कोणता मासा पाठवायचा हे ठरवतं कोण? ज्याचे आकडे कोणत्याही एका जातीत बसत नाहीत, तोच मासा संशयित. मोजणी संकर सिद्ध करू शकत नाही, पण तो कुठे शोधायचा ते सांगू शकते. म्हणून ‘जुळत नाही’ ही नोंदसुद्धा मोलाची आहे. ओढूनताणून जवळचं नाव देऊ नये.

शेवटचा आक्षेप वेळेचा. पहाटे जाळं उचललं की माल व्यापाऱ्याकडे पोचवायचा असतो. तिथं काड्या मोजत कोण बसणार? कोणीही रोज बसू नये आणि प्रत्येक मासा मोजूही नये. नमुना पुरतो. ठरलेल्या दिवशी, एका जाळ्यातले काही मोजके मासे, प्रत्येकाच्या तीन खुणा, लांबी, आणि पर ताणून मोजपट्टीशेजारी काढलेला मोबाइलचा एक फोटो. तलावाचा ठेका असलेल्या सहकारी संस्था तशीही वही ठेवतात. तिच्यात ‘रोहू’च्या जागी ‘सोडलेला रोहू’ आणि ‘रोहूसारखा दुसरा’, ‘मरळ’च्या जागी ‘पट्ट्यांची’, ‘मोठी’, ‘ठिपक्यांची’ अशी घरं पाडायला खर्च येत नाही. घनसावंगीच्या, अंबडच्या, जालन्याच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणारी मुलं बाटलीतला फिकुटलेला नमुना पाहून परीक्षा देतात; त्यांनी जोगलादेवी किंवा राजाटाकळीच्या काठी ताज्या माशावर हे काम केलं तर त्यांचं शिक्षण आणि नदीची नोंद दोन्ही साधेल.

बंधाऱ्यांमुळे गोदावरीतली मत्स्यसंपदा वाढली की घटली, बाहेरचं बीज सोडावं की देशी मासा जपावा, ठेक्याच्या अटी कोणत्या असाव्यात, यांवर मतं वेगवेगळी असतील आणि असावीतही. पण या साऱ्या वादांत दोन्ही बाजूंना लागणारा पुरावा एकच आहे: कोणत्या वर्षी, कोणत्या पाण्यात, कोणती जात, किती. त्यातलं वर्ष, पाणी आणि वजन आपण लिहितो. जात तेवढी अंदाजानं लिहितो, आणि त्यामुळे बाकीचे तिन्ही आकडेही आधार देऊ शकत नाहीत. बंधाऱ्याच्या पुढच्या कोणत्याही नियोजनाआधी ही चौथी जागा नीट भरली गेली पाहिजे. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ताणून धरलेला पर, मोजणारं बोट आणि दोन खुणा जुळल्याशिवाय नाव न लिहिण्याची शिस्त, एवढ्यावर हे काम उद्यापासून सुरू होऊ शकतं.